बघ्यांची गर्दी आणि गल्ल्यावरचा माणूस

‘वर्ल्डस्टार!’ अमेरिकेत गेल्या दशकात ही एक आरोळीच होऊन बसली होती. रस्त्यात, बसमध्ये, शाळेच्या आवारात मारामारी जुंपली की बघ्यांपैकी कुणीतरी मोबाइल उंचावून ती ठोकायचा. ‘अरे, सोडवा त्यांना’ असा तिचा अर्थ नव्हता. हे सगळं आता ‘वर्ल्डस्टारहिपहॉप’वर जाणार आणि लाखो लोक बघणार, एवढंच त्यातून जाहीर व्हायचं.

हे संकेतस्थळ २००५ साली ली ओडेनॅट या न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढलेल्या कृष्णवर्णीय तरुणानं सुरू केलं. सुरुवातीला तिथे रॅप गाण्यांचे संग्रह मिळायचे. पुढे लोकांनी पाठवलेले व्हिडिओ येऊ लागले. नवख्या रॅपर्सची गाणी, गल्लीतल्या मारामाऱ्या, लोकांच्या फजित्या, आणि कमी कपड्यांतल्या मुलींचं एक वेगळं दालन. आपलं हे काम म्हणजे गरीब वस्तीचं सीएनएन आहे, असं ओडेनॅट म्हणत. जानेवारी २०१७ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी ते वारले. धंदा मात्र चालू राहिला आणि इन्स्टाग्रामवर त्याचे अनुयायी कोटींच्या घरात गेले.

आपल्याला त्याचं काय, असं एखादी मैत्रीण विचारेल. मी मुंबईजवळच्या वस्त्यांमध्ये किशोरवयीन मुलामुलींबरोबर काम करते. २०१९ साली ‘गली बॉय’ चित्रपट आला, त्याच्या आधीपासून इथल्या पोरांच्या तोंडी रॅप आहे. पाण्याची रांग, पोलिसांची दादागिरी, बिल्डरनं पाडलेली घरं, जात, सगळं त्यात येतं. आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या वस्तीत कुणीतरी तरुण मोबाइलवर एक पेज चालवतो. स्थानिक पोरांचा रॅप टाकतो, मधूनमधून भांडणं टाकतो, मुलींचे ‘मजेशीर’ तुकडे टाकतो. यातल्या बहुतेकांनी ‘वर्ल्डस्टार’चं नावही ऐकलेलं नाही. रीत मात्र तीच आहे. म्हणून ती रीत नीट समजून घेणं आपल्या कामाचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ‘असली गाणी, असली पोरं’ असं नाक मुरडून हा प्रश्न सुटणार नाही. हिप हॉप हे गरिबांच्या पोरांनी स्वतः उभं केलेलं व्यासपीठ आहे आणि त्याच्या पायाभरणीत बायका होत्या. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ज्या घरगुती समारंभात हिप हॉप जन्मलं असं मानतात, तो भरवला सिंडी कॅम्पबेल या मुलीनं. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून तिनं तिकीट लावलं आणि भावाला, म्हणजे डीजे कूल हर्कला, तबकड्या वाजवायला बसवलं. इतिहासात नाव भावाचं मोठं झालं. १९७९ साली रॅपची पहिली मोठी गाजलेली तबकडी काढणारी कंपनीही सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईच्या पुढाकारानं चालत होती. तेव्हा हा पुरुषांचा प्रांत आहे आणि बायका त्यात पाहुण्या आहेत, हे आधी डोक्यातून काढून टाकू या.

प्रश्न आहे तो या संस्कृतीचं ‘वार्तांकन’ करणाऱ्यांचा. ‘वर्ल्डस्टार’सारख्या ठिकाणी बाईला मुख्यतः दोन जागा मिळाल्या. एक, बघण्यासाठी शरीर. दुसरी, हसण्यासाठी मारामारी. २०१२ सालच्या ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलँड शहरातल्या एका बसचालकाचा व्हिडिओ असाच फिरला. त्याचं एका तरुण प्रवासी मुलीशी भांडण झालं आणि त्यानं तिच्या हनुवटीखाली असा ठोसा हाणला की ती कोलमडली. चालकाची नोकरी गेली. तिचीही वागणूक चुकीची होती, हे खरं. पण पुढचे कित्येक महिने तो ठोसा हा विनोद म्हणून चालला. त्याची चित्रं निघाली, गमती झाल्या. एका पुरुषानं बाईला मारलं, ही गोष्ट त्या हशात कुठल्या कुठे वाहून गेली.

या व्यवहारातला पैसा बघा. व्हिडिओ लोक फुकट पाठवतात. ज्या मुलीचं चित्रण झालं तिला कुणी विचारत नाही, पैसे देण्याचा तर प्रश्नच नाही. गर्दी जमली की जाहिराती येतात. नवखे रॅपर आपलं गाणं तिथे ठळकपणे झळकावं म्हणून उलट पैसे मोजतात. आणि अमेरिकेतल्या १९९६ च्या एका कायद्याचं २३० वं कलम असं आहे की दुसऱ्यानं पाठवलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळाच्या मालकाला सहसा जबाबदार धरता येत नाही. म्हणजे तोटा सगळा त्या मुलीचा, नफा सगळा गल्ल्यावर बसलेल्याचा आणि जबाबदारी कुणाचीच नाही. गरीब वस्तीचा आवाज म्हणून सुरू झालेली गोष्ट गरीब वस्तीतल्या बाईलाच कच्चा माल करते, ती अशी.

हे इंटरनेटमुळे झालं असं मात्र नाही. डी बार्न्स ही १९९० च्या सुमारास ‘पंप इट अप’ या दूरदर्शन कार्यक्रमाची निवेदिका होती. रॅपर्सच्या मुलाखती घेणारी ती स्वतः एक तरुण कृष्णवर्णीय बाई. एन. डब्ल्यू. ए. या गटातून आइस क्यूब बाहेर पडला होता आणि कार्यक्रमाच्या एका भागात दोन्ही बाजू एकमेकींना जोडून दाखवल्या गेल्या. त्या रागानं जानेवारी १९९१ मध्ये हॉलिवूडमधल्या एका समारंभात त्या गटातल्या डॉ. ड्रे यानं तिला बेदम मारलं. त्यानं न्यायालयात आरोप नाकारला नाही. दंड आणि समाजसेवेची शिक्षा यावर प्रकरण मिटलं. पुढे त्याचं साम्राज्य वाढत गेलं आणि तिला काम मिळणं अवघड झालं. २०१५ साली त्या गटावर ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ हा मोठा चित्रपट निघाला, त्यात ही मारहाण नव्हतीच. डी बार्न्सनं त्यावर जाहीर लेख लिहिला, तेव्हा कुठे डॉ. ड्रेनं आपण दुखावलेल्या स्त्रियांची माफी मागितली. मधे चोवीस वर्षं गेली होती. त्या भागात काय दाखवायचं हे बार्न्सच्या एकटीच्या हातात नव्हतं. हात उगारला गेला तो मात्र पडद्यावर दिसणाऱ्या बाईवर.

अलीकडचं उदाहरण मेगन दी स्टॅलियन या नामवंत रॅपरचं. जुलै २०२० मध्ये तिच्या पायांवर गोळ्या झाडल्या गेल्या. टोरी लेन्झ या गायकाला डिसेंबर २०२२ मध्ये दोषी ठरवण्यात आलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. पण मधल्या काळात हिप हॉपवर गप्पा मारणाऱ्या कितीतरी पेजेसवर आणि वाहिन्यांवर खटला चालला तो मेगनवर. ती खोटं बोलते का, तिचे कुणाकुणाशी संबंध होते, खरंच गोळी लागली का! रोज नवी अफवा आणि रोज नवे प्रेक्षक. शेवटी २०२४ साली तिनं अशा एका भाष्यकार बाईवर फ्लोरिडात दावा लावला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ज्युरीनं मेगनच्या बाजूनं कौल दिला. भाष्यकार बाई होती, हे मुद्दाम सांगते. गल्ल्यावर बाई बसली म्हणून धंद्याची रीत बदलत नाही.

आता यावर करायचं काय? दोन तयार उत्तरं नेहमी आपल्या पुढ्यात येतात. पहिलं सरकारचं आणि संस्कृतिरक्षकांचं, की हे अश्लील आहे, बंद करा. दुसरं वस्तीतल्या पुरुषांचं, की हा आमचा आवाज आहे, आमच्यावर आधीच इतके हल्ले होतात, त्यात तुम्ही बायकांनी भर घालू नका.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी ही कोंडी आपल्या आधी अनुभवली आहे. १९९० साली फ्लोरिडातल्या एका न्यायाधीशानं ‘टू लाइव्ह क्रू’ या गटाचा गाण्यांचा संग्रह अश्लील ठरवला, तो विकणाऱ्या दुकानदाराला आणि गाणाऱ्यांना अटक झाली. १९९२ मध्ये वरच्या न्यायालयानं तो निर्णय फिरवला. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक स्त्रीवादी बाईनं त्या वेळी दोन्ही बाजूंना सुनावलं. गोऱ्यांची तितकीच हिडीस करमणूक सोडून नेमकं यांनाच पकडणं हा वंशद्वेष आहे, हे तिनं म्हटलं. आणि त्या गाण्यांत बायकांवरच्या हिंसेची जी चंगळ आहे ती ‘आमची संस्कृती’ म्हणून खपवून घेता येणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटलं. या दोन दगडांमध्ये कृष्णवर्णीय बाई भरडली जाते आणि तिचं म्हणणं कुणी विचारत नाही, हा तिचा मुद्दा होता.

त्यातून वाट कशी काढायची, हे २००४ साली अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजमधल्या मुलींनी दाखवलं. कृष्णवर्णीय मुलींचं हे जुनं कॉलेज. रॅपर नेली याच्या संस्थेतर्फे तिथे अस्थिमज्जा दात्यांची नोंदणी व्हायची होती, कारण त्याच्या बहिणीला रक्ताचा कर्करोग होता. काम चांगलंच होतं. पण त्याच सुमारास त्याच्या एका गाण्याच्या व्हिडिओत पुरुष बाईच्या पार्श्वभागावरून क्रेडिट कार्ड फिरवतो, असं दृश्य होतं. मुली म्हणाल्या, जरूर या, पण आमच्याशी या व्हिडिओबद्दल बोला. त्यांनी बंदी मागितली नाही, पोलिसांत गेल्या नाहीत, फक्त समोरासमोर बसून उत्तर मागितलं. संस्थेनं कार्यक्रमच रद्द केला. तेव्हा खापर मुलींवरच फुटलं, की आजाऱ्यांपेक्षा तुम्हाला तुमचा मान मोठा वाटतो! त्या मुलींमधल्या मोया बेली हिनं पुढे कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या या खास द्वेषासाठी ‘मिसॉजिनॉयर’ हा शब्द घडवला. वंशद्वेष आणि स्त्रीद्वेष एकत्र आले की होतो तो. दलित आणि आदिवासी मैत्रिणींना त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

बंदीचा मोह आपल्याकडेही जुना आहे आणि त्याचा हिशोब आपण चुकवलेला आहे. २००५ साली महाराष्ट्र सरकारनं ‘शालीनते’च्या नावाखाली डान्स बार बंद केले. पंचाहत्तर हजार बायकांचा रोजगार गेल्याचं त्या वेळी सांगितलं जात होतं. अनेक स्त्री-संघटनांनी तेव्हा बारबालांची बाजू घेतली. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ती बंदी घटनाबाह्य ठरवली. तोवर त्या बायकांची सात-आठ वर्षं गेली. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पालघरला दोन तरुण मुलींना एका फेसबुक मजकुरावरून अटक झाली, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ए कलम लावून. सर्वोच्च न्यायालयानं ते कलम मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपर्सवर सत्ताधाऱ्यांवर टीका करणाऱ्या गाण्यांवरून गुन्हे नोंदले गेले. बंदीचं हत्यार सरकारच्या हातात दिलं की ते कुणाच्या मानेवर पडतं, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

मग कायदा नकोच का? तसं माझं म्हणणं नाही. संमतीशिवाय शरीराच्या खाजगी भागाचं चित्रण करणं वा पसरवणं हा ६६ई कलमाखाली गुन्हा आहे. चोरून चित्रण करणं २०१३ च्या दुरुस्तीनं गुन्हा झालं, ते आता भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात आहे. नग्न वा लैंगिक चित्रण तक्रार आल्यापासून २४ तासांत काढण्याचं बंधन २०२१ च्या नियमांनी कंपन्यांवर घातलं. अमेरिकेतही मे २०२५ मध्ये असं चित्रण ४८ तासांत हटवायला लावणारा कायदा झाला. ही हत्यारं वापरायला आपण शिकलंच पाहिजे. पण ती सगळी एका ठिकाणी थांबतात. शरीर उघडं दिसलं का, एवढंच ती विचारतात. वस्तीतल्या मुलींचे जे व्हिडिओ माझ्यासमोर येतात, त्यातल्या बहुतेकांत शरीर पूर्ण झाकलेलं असतं.

एक उदाहरण देते. ओळख पटेल असा तपशील वगळते. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. पोरं संध्याकाळी गोल करून आळीपाळीनं रॅप करतात, तिथे ती एकटी मुलगी उभी राहिली आणि पाण्याच्या रांगेवर स्वतः लिहिलेलं बोलली. पेजवाल्यानं सगळं चित्रण केलं. टाकले मात्र दहा-बारा सेकंद, ती मध्येच शब्द विसरते आणि ओढणी सावरते तेवढेच. वर हसणारे चेहरे. खाली तिच्या रंगावरून, जातीवरून, छातीवरून शेरे. दुसऱ्या दिवशी भावानं मोबाइल काढून घेतला. आठवड्यात क्लास बंद झाला आणि घरात स्थळांच्या गोष्टी सुरू झाल्या.

आम्ही त्या पेजवाल्याला भेटलो. तोही वस्तीतलाच, एकोणीस वर्षांचा, हाताला काम नसलेला. तो म्हणाला, “ताई, माझं काय चुकलं? ती सगळ्यांसमोरच बोलत होती ना?” मुलीच्या आईला व्हिडिओ पुसून टाकायला हवा होता आणि विषय तिथेच संपवायचा होता. खुद्द मुलगी म्हणाली, “ताई, नुसता काढायला सांगू नका. माझं पूर्ण गाणं टाकायला सांगा.”

त्यानं तुकडा काढला, पण तोवर तो इतरांच्या मोबाइलवर गेला होता. चार दिवसांनी पूर्ण गाणंही टाकलं. ते तुकड्याच्या मानानं फारच थोड्यांनी बघितलं. शिक्षण चालू ठेवायला घरच्यांना राजी करणं जमलं. त्या गोलात ती अजून परत गेलेली नाही. हे यश म्हणायचं की अपयश, ठरवता येत नाही. पण तिच्या त्या वाक्यानं मला या प्रश्नाचं खरं टोक सापडलं. आपण सगळे तिला झाकायला धावलो होतो. भाऊ, आई, आणि एका अर्थी आम्ही संस्थावाल्याही. तिला झाकून घ्यायचं नव्हतं. आपलं बोलणं आपण बोललो तसं पोचावं, एवढंच हवं होतं. अश्लील की सभ्य, हा तिचा प्रश्नच नव्हता. आपलं काय दाखवलं जाईल हे कोण ठरवणार आणि त्यावर कोण कमावणार, हा होता.

मला वाटतं, आपली मागणी याच टोकावर उभी करायला हवी. पहिली गोष्ट, संमती चित्रणाची वेगळी आणि प्रसिद्धीची वेगळी. “सगळ्यांसमोर बोलत होती” म्हणजे दोन्हींना होकार, असं होत नाही. दुसरी, ज्याचं चित्रण आहे त्या व्यक्तीनं काढा म्हटलं की काढायचं, कारण विचारत बसायचं नाही. तिसरी, खालच्या शेऱ्यांची जबाबदारी पेज चालवणाऱ्याची. गर्दी त्यानं जमवली आहे, साफसफाईही त्यानंच करावी. चौथी, त्या पेजला पैसे मिळत असतील तर गाणाऱ्या मुलीलाही त्यातला वाटा मिळावा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पोलिस लाठी मारत असेल, बिल्डरचे गुंड घर पाडत असतील, तर चित्रण करणाऱ्यानं त्यांची संमती घ्यायची का? मुळीच नाही. सत्ता असलेल्याचा अन्याय दाखवणं आणि सत्ता नसलेल्या मुलीची फजिती दाखवणं यातला फरक वस्तीतल्या पोरांना पक्का कळतो. रॅपमध्ये ती तोच फरक रोज मांडत असतात. तो मुलींच्या बाबतीतही लागू करा, एवढंच त्यांच्याशी बोलायचं आहे. आणि बोलायचं म्हणजे त्यांच्यात जाऊन, त्यांचं ऐकून. पेजवाला पोरगा आपला शत्रू नाही. त्याच्या हातात गल्ला आहे तोही चिल्लरीचा. मोठा गल्ला कंपन्यांकडे जातो. पण चिल्लरीच्या गल्ल्यावर बसलेल्यालाही जाब द्यावाच लागेल.

दुसऱ्या बाजूनं, ज्या मुली स्वतः माइक हातात घेत आहेत त्यांच्याशी आपल्या चळवळीचं नातं फारच पातळ आहे. कल्याणची डी एमसी, गोवंडीची सानिया एमक्यू, आदिवासींच्या जंगल-जमिनीवर रॅप करणारी महादेव कोळी समाजातली माही जी, मुंबईतल्या मुलींचा ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ हा गट. यांची नावं आपल्या किती शिबिरांत घेतली जातात? आपण ओव्या गोळा केल्या, जात्यावरची गाणी टिपून ठेवली, चळवळीची गाणी रचली. जात्यापाशी बसून सासुरवास सांगणारी बाई आणि भर गल्लीत पाण्याची रांग सांगणारी ही मुलगी, यांच्यात मला फारसं अंतर दिसत नाही. तिची भाषा उद्धट वाटेल, शिव्याही असतील. त्यावर तिच्याशी जरूर वाद घालू, पण आधी आपल्या सभांमध्ये तिला बोलायला जागा देऊ.

म्हणून एक ठोस सूचना. येत्या ८ मार्चच्या कार्यक्रमांत प्रत्येक गटानं आपल्या भागातल्या रॅप करणाऱ्या मुलींना बोलवावं, आणि त्यांच्याबरोबर तिथली पेजं चालवणाऱ्या पोरांनाही. वरच्या चार मागण्या त्यांच्यासमोर ठेवाव्यात, त्यांत मुलींकडून भर घालून घ्यावी आणि जमेल तिथे लेखी करार करावा. त्या कार्यक्रमाचं चित्रण झालंच, तर ते कोण करणार आणि कुठे जाणार, हे मुलींनी आधी ठरवावं. तुमच्या भागात काय घडलं, पोरांनी काय उत्तर दिलं, कुठे अडलं, ते या अंकाकडे लिहून पाठवा. आमच्या वस्तीतला अनुभव मीही पुढच्या अंकासाठी लिहीन.